पाऱ्याची बीपी मशीन: काय बनवता येते, काय विकता येते आणि उरलेल्या पाऱ्याचे काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत तिघा कामगारांचे छोटे युनिट, वडिलांनी तीस वर्षांपूर्वी सुरू केलेले. काम म्हणजे पाऱ्याची बीपी मशीन जोडणे, जुनी दुरुस्त करणे आणि प्रयोगशाळेचे काचेचे थर्मामीटर भरून विकणे. प्रिन्सेस स्ट्रीटचे व्यापारी आणि ठाण्यातले दोन सर्जिकल दुकानदार आता माल घेत नाहीत, ‘बंदी आली’ एवढेच सांगतात. गोदामात सुमारे दोनशे तयार मशीन आणि पाऱ्याचा एक फ्लास्क (पारा ज्यात येतो ती लोखंडी बाटली), निम्मा भरलेला. बंदी खरेच आली आहे का, हा माल विकता येईल का, नाहीतर आफ्रिकेत पाठवता येईल का आणि पारा कुणाला विकावा, हे मुख्य प्रश्न. शिवाय धाकट्या भावाला दुबईहून गोरेपणाचे क्रीम आणून वाशीत विकायचे आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे की वडिलांचा हात हल्ली थरथरतो, वयामुळे असावे.

आधी सरळ उत्तर देते. पाऱ्याचे नवे मशीन आणि नवा थर्मामीटर बनवणे आजपासून थांबवा. आफ्रिकेचा विचार सोडा. तयार माल विकण्याच्या आड पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारापेक्षा आधी दुसराच कायदा येतो, तो खाली सांगते. पारा रोखीने कुणालाही देऊ नका. क्रीमच्या धंद्यात भावाला पडू देऊ नका. आणि वडिलांच्या हाताबद्दल ‘वयामुळे असावे’ यावर थांबू नका.

आता कारणे. ‘बंदी’ हा शब्द दुकानदार ज्या अर्थाने वापरतात तसा एका ओळीचा कायदा नाही. मिनामाता करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमधल्या कुमामोतोमध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये सही केली आणि जून २०१८ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली. कराराच्या चौथ्या कलमात पाऱ्याच्या वस्तूंची गोष्ट आहे आणि त्याला जोडलेल्या ‘परिशिष्ट अ’मध्ये वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूपुढे अखेरचे वर्ष. तुमच्या दोन्ही वस्तू या यादीत पहिल्यापासून आहेत. थर्मामीटर, बीपी मशीन, बॅरोमीटर, मॅनोमीटर, हायग्रोमीटर, या सगळ्यांपुढचे मूळ वर्ष होते २०२०.

मग २०२० नंतरही तुमचा धंदा कसा चालला? ७ फेब्रुवारी २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने करारावर शिक्कामोर्तब केले तेव्हाच पाऱ्याच्या वस्तू आणि प्रक्रियांसाठी २०२५ पर्यंतची सवलत ठेवली होती. करारात अशी पाच वर्षांची सूट मागायची सोय होती. तुमच्या वडिलांनी २०२१ किंवा २०२३ मध्ये मशीन बनवली त्यात त्या करारापुरती चूक नव्हती. पण २०२५ साल आता मागे पडले आहे. व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला तो त्यामुळेच. मोठ्या व्यापाऱ्याला नियमाची ओळ माहीत नसली तरी वारा कुठून वाहतो ते बरोबर कळते.

चौथे कलम नीट वाचा. त्यात तीन क्रियापदे आहेत: बनवणे, आयात करणे, निर्यात करणे. मुदतीनंतर या तीन गोष्टी होऊ द्यायच्या नाहीत असे देशाने कबूल केलेले आहे. वापरणे आणि देशातल्या देशात आधीचा माल विकणे ही क्रियापदे त्या वाक्यात नाहीत. म्हणून एखाद्या डॉक्टरांच्या टेबलावर वीस वर्षांचे पाऱ्याचे मशीन असेल तर ते गुन्हेगार ठरत नाहीत. मी ग्राहकाला नेहमी हे वाक्य समोर ठेवून वाचायला लावते, कारण ‘पाऱ्याची प्रत्येक वस्तू बेकायदा’ आणि ‘काहीच बदलले नाही’ या दोन्ही समजुतींनी माणसे सारखीच अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

निर्यात मात्र त्या तीन क्रियापदांतच आहे, त्यामुळे न्हावाशेवाहून हे खोके पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. करारात १४०हून अधिक देश आहेत, आफ्रिकेतले बहुतेक त्यात आले. तिकडच्या बंदरावर माल अडकला की परत आणण्याचा खर्च तुमचा, आणि परत येताना तो घातक कचरा म्हणून अडवला जाऊ शकतो. कुणी एजंट ‘वैद्यकीय उपकरण, इतर’ असे लिहून पाठवून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोटे वर्णन हा सीमाशुल्क कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा होतो.

आता देशातल्या विक्रीबद्दल. माझा अंदाज असा की तुमच्या दुकानदारांना खरी भीती मिनामाताची नसावी. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि ‘अ’ व ‘ब’ वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून उत्पादन परवाना सक्तीचा झाला. बीपी मशीन ‘ब’ वर्गात येते. म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा एमडी-५ परवाना नसताना बनवलेले मशीन, त्यात पारा असो वा नसो, विकता येत नाही. दुकानदाराकडेही एमडी-४२ हे विक्रीचे नोंदणीपत्र लागते आणि तपासनीस आले की ते पहिल्यांदा खरेदीच्या बिलावरचा परवाना क्रमांक पाहतात. तुमच्या पत्रात परवान्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर हे दोनशे नग विकायच्या मालात धरू नका. असेल तर आणि मशीन २०२५ संपण्यापूर्वी तयार झाल्याचे बॅच रजिस्टर तुमच्याकडे असेल, तर तेवढा साठा देशात विकण्याबद्दल प्रशासनाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय एकही नग हलवू नका. माझे मत विचाराल तर परवाना असला तरी विकू नका. नवे मशीन घेणाऱ्या दवाखान्याच्या गळ्यात आपण शंभरेक ग्रॅम पारा अडकवतो. पाच वर्षांनी ते फुटले की तो डॉक्टर तुम्हालाच फोन करणार, आणि तेव्हा घ्यायला कुणी नसेल.

प्रयोगशाळेच्या थर्मामीटरबाबत थोडी वेगळी वाट आहे. करारातून काही गोष्टी वगळल्या आहेत: संशोधन, उपकरणांचे कॅलिब्रेशन (म्हणजे त्यांची अचूकता पडताळणे) आणि संदर्भ-मानक म्हणून वापर. जिथे पाऱ्याला पर्याय नाही अशी अतिसूक्ष्म मोजमापाची किंवा मोठ्या यंत्रात बसवलेली मापकेही वगळली आहेत. पण तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळांना शून्य ते शंभर अंशांचे जे साधे थर्मामीटर देता ते यात बसत नाहीत. त्यांना अल्कोहोलचा पर्याय कधीपासून आहे. ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द बिलावर छापून सूट मिळत नाही. घेणाऱ्या संस्थेने लेखी गरज दाखवली पाहिजे आणि नग त्या कामाच्या अचूकतेचा असला पाहिजे.

दुरुस्तीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पत्रातल्या ‘जुनी दुरुस्त करणे’ या शब्दांवर मी अडखळले. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा कमी झालेला पारा पुन्हा भरणे. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादनाचे नाव आणि वार्षिक संख्या लिहिलेली असते. दुरुस्ती आणि पारा गाळणे त्यात आहे का ते आज काढून बघा. नसेल तर ते काम आजवरही कागदाबाहेरच चालले होते. नवा पारा भरून देणे बंद करा. रबरी नळी, बल्ब, कफ बदलून द्यायला हरकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढे सविस्तर लिहिते आहे तिच्याकडे येते. तुमच्या प्रश्नात मशीनची चिंता सहा ओळी आणि पाऱ्याची एक ओळ. माझ्या लेखी हे उलटे हवे. हिशेब करू. पूर्ण फ्लास्क ३४.५ किलोचा, म्हणजे निम्म्यात सतराएक किलो. दोनशे मशीनमध्ये प्रत्येकी शंभर ग्रॅम धरले तर वीस किलो. तुमच्या गाळ्यात आज एका अख्ख्या फ्लास्कपेक्षा जास्त पारा आहे. उद्या मशीन बनवणे बंद झाले तरी हे सदतीस किलो कुठेही जात नाहीत. पारा जळत नाही, कुजत नाही, कचऱ्याच्या गाडीत घातला तरी संपत नाही. कायदा वस्तूला तारीख देतो. पाऱ्याचा प्रत्येक ग्रॅम कुठून आला आणि कुठे गेला हे मात्र तुम्हालाच कागदावर दाखवावे लागते, आणि तो कागद नसलेले युनिट मी बिनघोर बंद झालेले पाहिलेले नाही.

१९९१ मध्ये मी वागळे इस्टेटमधल्या एका मापन-उपकरणांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. भरणीची खोली मागच्या बाजूला, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने काचेच्या नळ्या हलत. पाच बायका लाकडी टेबलाशी बसून भरायच्या. टेबलाच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या आणि संध्याकाळी टेबल ठोकले की फटींतून चकचकीत दाणे टपटप पडायचे. ते केरसुणीने गोळा करून बरणीत. एके दिवशी एकीच्या मंगळसूत्राची एक वाटी पांढरी पडलेली दिसली. तिला वाटले सोनाराने फसवले, चांदीवर मुलामा देऊन दिले. सोनाराने वाटी हातात घेतली, ओळखली आणि दुकानातच फुंकणीने तापवून पुन्हा पिवळी करून दिली. तापवताना उडालेला पारा त्याने आणि शेजारी उभ्या असलेल्या तिने श्वासावाटे घेतला, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आले नाही. दुसऱ्या दिवसापासून सोने दारात काढून ठेवायचा नियम झाला. जी हवा सोन्याला पांढरे करते ती छातीत गेल्यावर काय करत असेल, हे मी केमिस्ट असून विचारले नाही. ती माझी चूक होती आणि मी ती आजही मोजते. पुढे तो कारखाना हलला तेव्हा फरशी उखडली, तर खालच्या वाळूत मोहरीएवढे, तांदळाएवढे थेंब पसरलेले होते.

पारा साध्या खोलीच्या तापमानालाही हवेत उडत राहतो आणि त्या वाफेला ना रंग ना वास. गिळलेला धातुरूप पारा शरीरात जवळजवळ शोषला जात नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के शोषला जातो. म्हणून आपल्याकडे थर्मामीटर तोंडात फुटला की घर हादरते आणि जमिनीवर फुटला की केरसुणी घेऊन मोकळे होते, हे अगदी उलटे आहे. केरसुणीने एका थेंबाचे शंभर होतात आणि प्रत्येक थेंबाचा पृष्ठभाग वाफ सोडत राहतो. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट, तो गरम हवेबरोबर वाफ खोलीभर फेकतो.

तुमच्या गाळ्यात आता हे करा. पंखे बंद ठेवून खिडक्या उघडा. रात्री दिवे मालवून बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, थेंब ताऱ्यांसारखे चमकतात. दोन जाड पुठ्ठ्यांनी ते एकत्र लोटा, ड्रॉपरने उचला, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घाला आणि वर दोन बोटे पाणी ठेवा. पाण्याखाली वाफ अडते. भेगांमध्ये गंधकाची पूड भरा. पारा हळूहळू गंधकाशी बांधला जातो, आणि ती पूडसुद्धा पाऱ्याचाच कचरा समजून वेगळी ठेवा. बेसिनमध्ये काही धुऊ नका. दोनशे मशीन फोडत बसू नका. प्रत्येक मशीन उजवीकडे कलते करा, पारा टाकीत उतरू द्या, चावी बंद करा आणि चावीवर टेप लावा. जुन्या नर्सबाईंना ही रीत पाठ असते. खोके उभे, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, गाळ्याला कुलूप.

मग कागद. फ्लास्कमधला न वापरलेला पारा अजून कच्चा माल आहे, कचरा झालेला नाही. हा फरक जपा. ज्या अधिकृत विक्रेत्याकडून तो बिलाने घेतला त्याला आधी परत घ्यायला विचारा, गरज पडली तर निम्म्या किमतीत. परत घेतल्याचे बिल आणि वजन, दोन्ही घ्या. मस्जिद बंदरचा कुणी, सोने गाळणारा कुणी किंवा भंगारवाला रोख पैसे दाखवेल. पाऱ्याचा भाव चांगला आहे आणि तो बिनबोभाट खपतो, हे मला माहीत आहे. पण सोने काढण्यासाठी उघड्यावर तापवला जाणारा पारा असाच चोरवाटेने जातो, आणि करारात पाऱ्याच्या व्यापाराला घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते ती याच वाटा बंद करण्यासाठी. तुमच्या फ्लास्कवरचा क्रमांक कुठे सापडला तर बिल तुमच्या नावाचे निघेल.

विक्रेता घेत नसेल तर तो पारा, फुटलेले नग, दूषित वाळू, गंधकाची पूड, हातमोजे, सगळे ‘घातक आणि इतर कचरा नियम, २०१६’ खाली येते. प्रदूषण मंडळाची अधिकृती नमुना १ मध्ये मागायची, रोजची नोंद नमुना ३ मध्ये, ड्रमवर नमुना ८ चे लेबल, गाडी निघाली की नमुना १० चे मॅनिफेस्ट (मालासोबतचे वाहतूकपत्र), आणि वर्षाचा अहवाल नमुना ४ मध्ये ३० जूनपूर्वी. साठवण ९० दिवस. वर्षाला दहा टनांच्या आतल्या लहान युनिटला मंडळ १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण ते मागावे लागते. तुमचे काम बेलापूरच्या कार्यालयाशी पडेल. तळोज्याला घातक कचऱ्याचे सामायिक केंद्र आहे, पण पातळ पारा सरळ पुरायला नेता येत नाही. तो पुन्हा शुद्ध करणाऱ्या अधिकृत प्रक्रियादाराकडे किंवा स्थिर करून घेण्याच्या मार्गाने जातो. म्हणून गाडी बोलावण्याआधी ‘आम्ही हा कचरा या स्वरूपात स्वीकारू’ असे लेखी पत्र घ्या. दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत हे घालून पाठवायची शक्कल काही जण सुचवतील. ती पिशवी भट्टीत जाते आणि भट्टीत पारा जवळजवळ सगळाच धुराड्यातून बाहेर पडतो.

तो बाहेर पडून कुठे जातो ते आपल्याकडच्या माणसाला सांगावे लागू नये. आपला सगळा पट्टा खाडीला लागून आहे. ऐरोली ते बेलापूर प्रत्येक नाला ठाणे खाडीत उतरतो. खाडीच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो, आणि तिथे राहणारे जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल-मर्क्युरी हे जास्त विषारी रूप करतात. ते शेवाळातून कोळंबीत, कोळंबीतून माशात, आणि प्रत्येक पायरीला वाढत जाते. मिनामाता हे नाव कराराला दिले ते याच कारणाने: त्या जपानी गावात रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेला पारा माशांतून कोळ्यांच्या घरात गेला. १९५६ मध्ये पहिल्यांदा त्या आजाराची नोंद झाली आणि सांडपाणी थांबायला १९६८ उजाडले. दिवाळे आणि सारसोळेचे कोळी आजही याच खाडीत जाळे टाकतात. आपल्या देशातले उदाहरण हवे तर कोडाईकनालचे आहे. तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पण दूषित मातीच्या सफाईचा वाद त्यानंतर वीस वर्षे संपला नाही. कारखान्याला कुलूप लागल्यावरच पाऱ्याचे खरे काम सुरू होते.

पुढे धंदा काय करायचा? तुमच्याकडे कफ, बल्ब, झडपा आणि दाब तपासण्याचे कसब आहे. ते अनेरॉइड म्हणजे काट्याच्या मशीनमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडते. डिजिटलमध्ये बाहेरचे सुटे भाग जोडणाऱ्यांची गर्दी आहे, तिथे तुमचा निभाव लागणे कठीण. काट्याच्या मशीनलाही एमडी-५ लागेल, पाचव्या अनुसूचीप्रमाणे गुणवत्ता व्यवस्था लागेल, आणि वैधमापन कायद्याखाली नमुन्याची मंजुरी लागेल. काट्याची मशीन दरवर्षी तपासावी लागते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शेकडो लहान दवाखान्यांना हे तपासून देणारे कुणी सापडत नाही. माझ्या मते तुमचे पुढचे दुकान तिथे आहे.

आता भावाचे क्रीम. इथे मला कडक बोलू द्या. पारा त्वचेतला रंग बनवणाऱ्या प्रक्रियेला अडवतो, म्हणून महिन्याभरात चेहरा उजळतो आणि गिऱ्हाईक परत येते. तोच पारा कातडीतून मूत्रपिंडात जातो. केरळमधल्या मलप्पुरमच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १५ जणांत एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. घरातल्या टॉवेल-उशीवरून ते मुलांपर्यंत जाते. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत टिकवण्यासाठी ७० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) आणि बाकी कशातही नकळत आलेला असला तरी १ पीपीएमपर्यंतच पारा चालतो. २०२३ च्या जिनिव्हातल्या बैठकीत करारातून तो १ पीपीएमचा उंबरठाही काढून टाकला, पारा घातलेल्या सगळ्या प्रसाधनांना २०२५ हीच अखेर. बाजारातल्या वाईट क्रीममध्ये हजारो पीपीएम असतो, तो चुकून आलेला नसतो.

आयातीला केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचे कॉस-२ नोंदणीपत्र लागते, प्रत्येक ब्रँड आणि उत्पादकासाठी, आणि त्याचा क्रमांक लेबलवर हवा. सामानाच्या बॅगेतून आणलेल्या डब्यांवर तो नसतो, म्हणजे पारा असो वा नसो विक्री बेकायदा. भेसळीच्या किंवा बनावट प्रसाधनाला कलम २७अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार किंवा मालाच्या तिप्पट किमतीचा दंड आहे. आधीच डबे आणले असतील तर झाकणामागे ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ अशी पाऱ्याच्या संयुगांची नावे आहेत का पाहा. ‘डोळ्यांपासून आणि चांदी-सोन्याच्या दागिन्यांपासून दूर ठेवा’ अशी सूचना असली तर माझ्यासाठी तेवढे पुरे आहे, मी तो डबा प्रयोगशाळेत पाठवते.

बाकी वस्तूंची घाईने नोंद, कारण लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. तीस वॅटपर्यंतचे नेहमीचे सीएफएल बनवणे-आणणे २०२५ पर्यंत, हॅलोफॉस्फेटच्या जुन्या ट्यूब २०२६, ट्रायबँड ट्यूब २०२७. बॅटरीत पारा ०.०००५ टक्क्यांच्या आत, हे आपल्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांतले. उसाच्या बेण्याला आणि बटाट्याला लावायचे पाऱ्याचे बुरशीनाशक ऑगस्ट २०१८ पासून देशात बंद आहे. गावाकडे कुणाच्या गोठ्यात जुना डबा असेल तर तो वापरून संपवू नये. दातात भरायच्या चांदीत निम्मा पारा असतो, तिच्यासाठी २०२५ च्या बैठकीत २०३४ हे वर्ष ठरले. लसी टिकवण्यासाठीचे थायोमर्सल हे पाऱ्याचे संयुग आणि पारंपरिक किंवा धार्मिक वापराच्या वस्तू कराराच्या यादीतून वगळलेल्या आहेत. म्हणून पारद शिवलिंग विकणारा ‘कायदेशीर आहे’ म्हणतो ते खरे. पण कायद्याने वगळलेली वस्तू निर्धोक असतेच असे नाही. त्यावर अभिषेक केलेले पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका आणि ते बंद देवघरात ठेवू नका, एवढे मी ओळखीच्या प्रत्येक घरात सांगते.

आणि वडील. तीस वर्षे भरणीच्या खोलीत बसलेल्या माणसाचा हात थरथरतो, तेव्हा पहिला संशय पाऱ्यावर घ्यायचा, वयावर नंतर. पाऱ्याची विषबाधा कामगारांच्या सुरक्षा व आरोग्य संहितेच्या (आधीच्या कारखाना कायद्याच्या) तिसऱ्या अनुसूचीत नोंद करायच्या आजारांत आहे, आणि हाताचा कंप, झोप उडणे, चिडचिड, बुजरेपणा, हिरड्या सुजणे ही तिची ओळखीची लक्षणे आहेत. अक्षर बदलले का ते बघा: दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या चेकवरच्या सह्या शेजारी ठेवा. चोवीस तासांच्या लघवीतला पारा मोजून घ्या, रक्तापेक्षा वाफेच्या संपर्काला ती तपासणी बरी, आणि मूत्रपिंडाची तपासणी सोबत करा. पण लघवीतला आकडा गेल्या काही महिन्यांचे सांगतो, तीस वर्षांचे नाही. त्यांनी भरणीचे काम मध्येच सोडले असेल तर आकडा कमी येऊनही आजार पाऱ्याचा असू शकतो. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत भरणी केली, खोली बंद होती की उघडी, दिवसाला किती नग, कामाचे कपडे घरी धुतले जायचे का. डॉक्टर हे विचारतीलच असे नाही. ‘पारा बाहेर काढतो’ म्हणणाऱ्या कुणाकडे परस्पर गोळ्या-इंजेक्शने सुरू करू नका, ते औषध आधी त्यांना पाऱ्यापासून दूर केल्यावर आणि तज्ज्ञाच्या देखरेखीतच द्यायचे असते. तिघा कामगारांचीही हीच तपासणी करा, खर्च युनिटचा. आणि गाळा साफ होईपर्यंत वडिलांना तिथे बसायला पाठवू नका.